वाचकांचे प्रश्न : घराण्याची कादंबरी कोरडी का होते?

प्रश्न : आजोबा गेले, पाठोपाठ वडीलही. त्यांच्यावर कादंबरी लिहायला घेतली आहे, पण वंशावळ वाचल्यासारखं वाटतं. चिलीच्या कादंबरीकार इसाबेल अलेंदेही घरातलीच माणसं घेतात. त्यांची इतकी जिवंत कशी होतात? सोबत पहिलं प्रकरण पाठवते आहे.

उत्तर : अलेंदे कादंबरी लिहायला बसल्याच नव्हत्या. १९७३च्या लष्करी उठावानंतर चिली सोडून त्या व्हेनेझुएलात राहत होत्या. ८ जानेवारी १९८१ला कळलं, की तिकडे आजोबांचं आता काही खरं नाही. वय शंभरीच्या घरात. परत जाणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांनी पत्र लिहायला घेतलं. सुरुवात कुठून, तर रोझापासून. ही आजोबांची वाग्दत्त वधू, लग्नाआधीच वारलेली. मूळ पुरुष नाही, जन्मसाल नाही. वाचणाऱ्याच्या मनात जे आयुष्यभर सलत होतं, थेट तेच. आजोबांच्या हाती ते पत्र पडलं नाही. अलेंदे मात्र रात्री स्वयंपाकघरात बसून लिहीत राहिल्या आणि १९८२ साली ‘द हाउस ऑफ द स्पिरिट्स’ ही कादंबरी आली. आजीवरून त्यात क्लारा आली, आजोबांवरून एस्तेबान त्रुएबा : संतापी, हुकमत गाजवणारा, अन्यायही करणारा. जीव लावलेल्या माणसाला त्यांनी गोड करून दाखवलं नाही. मला ही फार मोठी गोष्ट वाटते.

पुढे डिसेंबर १९९१मध्ये त्यांची मुलगी पाउला माद्रिदमध्ये पोर्फिरिया या आनुवंशिक आजाराने कोमात गेली. रुग्णालयात बसून पुन्हा पत्रच : जागी झाल्यावर तिला घरची हकिगत वाचता यावी म्हणून. वर्षभराने ती गेली, अवघ्या एकोणतिसाव्या वर्षी. ‘पाउला’ या पुस्तकात तिचं नाव खरं, दुःखही उघडं. लेकीशी बोलताना आडपडदा कशाला?

तुमच्या प्रकरणात आजोबांची नोकरी, बदल्या, भावंडं सगळं ओळीनं आहे. चौथ्या पानावर मात्र एक वाक्य सापडलं : वडील मोठेपणीही आजोबांसमोर बसत नसत, दाराला टेकून उभे राहत. का? तुम्ही लगेच पुढच्या बदलीकडे वळलात. तिथे थांबा हो. तिथूनच सुरू करा आणि वडिलांना उद्देशून लिहा. त्यांना ठाऊक होतं ते सांगत बसावं लागणार नाही, निम्मी माहिती आपोआप गळेल. जे तुम्हाला माहीत नाही, ते बेलाशक रचा. नातेवाइकांना काय वाटेल, हे पुरं लिहून झाल्यावर बघू.