इंटरफोम: वरच्या उघड्या सीमेतून पाणी आत का येतं?
इंटरफोम (ओपनफोममधला, पाणी आणि हवा अशा दोन प्रवाहींचं गणित सोडवणारा प्रोग्राम म्हणजे सोल्व्हर) वापरताना टाकीचं तोंड हवेला उघडं, तरी तिथूनच पाणी आत येतं आणि सोल्व्हर कोसळतो, असं तुम्ही लिहिलंय. टाइमस्टेप (गणितातली वेळेची पायरी) कमी करत बसू नका, त्याने दुखणं फक्त पुढे ढकललं जातं. आधी अल्फाची (कुठे पाण्याचा वाटा किती ते सांगणारी; 1 म्हणजे पाणी, 0 म्हणजे हवा) फाइल उघडा. वरच्या पॅचवर (सीमेच्या त्या भागावर) झीरोग्रेडियंट ही अट असेल तर दोष बहुधा तिथेच आहे. प्रवाह उलटला की त्या अटीमुळे सीमेवर लगतच्या सेलमधलंच (जाळीच्या घरातलंच) मूल्य घेतलं जातं. त्या सेलपर्यंत शिंतोडा पोचला असेल, तर बाहेरही पाणीच आहे असं सोल्व्हर धरतो आणि ते आत ओढत राहतो. तिथे इनलेटआउटलेट (बाहेर जाताना झीरोग्रेडियंट, आत येताना दिलेलं मूल्य वापरणारी अट) लावा, इनलेटव्हॅल्यू 0. मग आत येईल ती फक्त हवा. त्याच पॅचवर पी_आरजीएचला (पाण्याच्या उंचीमुळे येणारा दाब वजा केलेल्या दाबाला) टोटलप्रेशर आणि वेगाला प्रेशरइनलेटआउटलेटव्हेलॉसिटी द्या. दोन्हींना एकाच वेळी फिक्स्डव्हॅल्यू (पक्कं ठरवलेलं मूल्य) मात्र अजिबात नको.