चिंगी, पहिली अंघोळ आणि दाराची कडी

प्रश्न : डॉक्टर, आमची चिंगी गावठी आहे, चार वर्षांची. गेल्या वर्षी लक्ष्मीपूजनाला फटाके सुरू झाल्यावर ती मोरीत जाऊन बसली. थरथरत होती, लाळ गळत होती, दुसऱ्या दिवशी जेवलीही नाही. सासूबाई म्हणतात, ‘लाडावू नका, गच्चीवर नेऊन बांधा, सवय होईल.’ शेजारी त्यांच्या कुत्र्याची उरलेली झोपेची गोळी देतो म्हणतात. काय करू?
– एक वाचक, सातारा

उत्तर : सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, पण चिंगीला गच्चीवर नेऊ नका. पळायला वाट नसताना डोक्यावर बाण फुटत राहिले, तर सवय होत नाही, उलट पुढच्या वर्षी ती नुसत्या टिकल्यांनाही घाबरेल. आणि जवळ घेतल्याने भीती वाढते हेही खरं नाही. लाडाने हट्ट वाढेल, भीती वाढत नाही. ती अंगाशी आली तर खुशाल घ्या, नाही आली तर ओढून आणू नका.

मोरी तिने स्वतः निवडली आहे आणि चांगली निवडली आहे. घराच्या आतल्या बाजूला, रस्त्यावरची खिडकी नाही. तिथे तुमची वापरातली गोधडी टाका, पाणी ठेवा, बाहेर पंखा आणि टीव्ही चालू राहू दे. मोरीचं दार मात्र लावू नका. कोंडलेला कुत्रा दार खरवडून नखं तोडून घेतो.

शेजाऱ्यांची गोळी साभार परत करा. ती बहुधा ॲसेप्रोमॅझिनची असेल. सुरुवातीच्या वर्षांत मीही ती सर्रास लिहून देत असे. तिने हातपाय गळतात, पण कान जागे राहतात आणि भीती आत तशीच राहते. घरच्यांना वाटतं, शांत झोपलाय! आता भीतीवर काम करणारी औषधं मिळतात, पण ती चिंगीचं वजन आणि तब्येत पाहून तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायची. वसुबारसेच्या आधी जा. एखाद्या शांत दिवशी एक मात्रा देऊन पाहा, कुणाला ती जास्त चढते, कुणाला लागूच पडत नाही. आणि औषध आवाज सुरू होण्याआधी पोटात गेलेलं हवं. थरथर सुरू झाल्यावर धावपळ करून फारसा उपयोग नसतो.

हाताशी महिना-दीड महिना असेल, तर मोबाइलवर फटाक्यांचा आवाज अगदी बारीक लावून उकडलेल्या चिकनचे तुकडे द्या. कान मागे गेले की आवाज कमी करा. दिवाळी तोंडावर आली असेल तर हे सोडून द्या, चार दिवसांत जमत नाही.

आता मला जे मुख्य सांगायचं आहे ते. सगळे लक्ष्मीपूजनाच्या रात्रीची तयारी करतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिवाळीच्या फटाक्यांना रात्री ८ ते १० अशी वेळ घालून दिली, पण आमच्या पेठेतली पोरं नरक चतुर्दशीला पहाटे चारलाच सुतळी बाँब लावतात. त्याच वेळी घराघरात पहिली अंघोळ चाललेली असते. कुणी कारीट फोडायला तुळशीपाशी, कुणी रांगोळीला अंगणात, आणि दार सताड उघडं. माझा कुत्रा रघू असाच पळाला. हाताला उटणं लागलेलं, कडी नीट बसली नाही, तेवढ्यात लड लागली. दुपारी तो बंद रसवंतीच्या टपरीखाली सापडला, पंजे सोललेले. चूक माझीच होती, आणि मी जनावरांची डॉक्टर!

तेव्हा त्या पहाटे दाराची जबाबदारी एकाच माणसावर टाका. सासूबाई खमक्या दिसतात, त्यांनाच द्या. चिंगीला घरातही पट्टा आणि त्यावर फोन नंबर असू दे. संध्याकाळचा फेरा उजेडातच उरका, तोही हार्नेस, म्हणजे छातीभोवतीचा पट्टा, घालून. घाबरलेला कुत्रा मागे सरकून गळ्यातला पट्टा सहज काढून टाकतो. आणि फराळातले बेदाणे तिच्यापासून लांब ठेवा, कुत्र्यांच्या किडनीला ते घातक ठरू शकतात.

प्रश्न : आमचं मांजर दिवाळीत कपाटावरून खालीच उतरत नाही.
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : राहू द्या. पाणी आणि मातीचा ट्रे त्याच खोलीत ठेवा, खोलीचं दार-खिडकी लावून घ्या. अंग गरम लागलं म्हणून घरातली पॅरासिटामॉल मात्र चुकूनही देऊ नका, मांजराचा त्याने जीव जातो.