शब्दशंका : ‘शेवटची डेडलाइन’

प्रश्न : आमच्या कार्यालयात ‘शेवटची डेडलाइन’ असे सर्रास म्हणतात. हे बरोबर आहे का? या शब्दात ‘डेड’ कुठून आले?

उत्तर : डेडलाइन म्हणजेच काम पुरे करण्याची अखेरची वेळ, त्यामुळे हा प्रयोग ‘पिवळा पीतांबर’ म्हणण्यासारखा आहे, अर्थात जिथे मुदत तीनतीनदा वाढवून मिळते तिथे तो खपून जातो. ‘डेड’ मात्र खरोखरच मरणाचे. अमेरिकेतील यादवी युद्धात, १८६४ साली, जॉर्जिया राज्यातील अँडरसनव्हिलच्या युद्धकैद्यांच्या छावणीत उंच कुंपणाच्या आत काही अंतरावर एक बुटका लाकडी कठडा होता आणि तो ओलांडणाऱ्या कैद्यावर पहारेकरी गोळी झाडत. त्या कठड्याचे नाव डेडलाइन. पुढे विसाव्या शतकात अमेरिकी वृत्तपत्रांनी मजकूर देण्याच्या अखेरच्या वेळेला हा शब्द लावला.

मराठीत ‘मुदत’ आहेच, पण दोहोंत फरक आहे. मुदत हा कालावधी, तर डेडलाइन हा त्याचा शेवट; म्हणून ‘आठ दिवसांची मुदत’ कानाला बरोबर लागते, ‘आठ दिवसांची डेडलाइन’ खटकते. ‘निविदेची डेडलाइन सोमवारी दुपारी ३ वाजता आहे’ हे वाक्य निर्दोष आहे.