जामीन आणि जातमुचलका यांत फरक काय? हे शब्द आले कुठून?

‘जातमुचलका म्हणजे जातीच्या दाखल्यासारखं काही असतं का?’ हेही तुम्ही विचारलंय, म्हणून आधी तेच. नाही. ही जात अरबी ‘ज़ात’, म्हणजे स्वतः. ‘साहेब जातीने हजर होते’ म्हणतो, तीच. मुचलका हा तुर्की शब्द, अर्थ लेखी हमी. तारखेला हजर राहीन, न राहिल्यास अमुक रक्कम भरीन, असं आरोपीने स्वतः लिहून दिलं की झाला जातमुचलका. तिसरा माणूस लागत नाही.

जामीन शब्दात मात्र मुळात माणूसच आहे. अरबी ‘ज़ामिन’ म्हणजे दुसऱ्याची हमी घेणारा. ‘मी त्याला जामीन राहतो’ या वाक्यात तो अजून शिल्लक आहे. पुढे आपण सुटकेलाच जामीन म्हणू लागलो आणि माणसासाठी ‘जामीनदार’ रूढ झाला.

शब्दातून माणूस गेला, डोक्यातून गेला नाही. ‘जामीनदार नाही तर जामीन नाही’ असं कोर्टाच्या आवारात छातीठोकपणे सांगितलं जातं. हे साफ चूक आहे, आणि ही चूक आजची नाही. १९७८ च्या मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या खटल्यात आरोपी गवंडी होता. सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला, पण खालच्या दंडाधिकाऱ्यांनी १०,००० रुपयांचा जामीनदार मागितला आणि भाऊ उभा राहिला तर तो व त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून नाकारला. न्या. कृष्ण अय्यर यांनी १,००० रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडायला सांगितलं. तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत जामिनाची व्याख्याच नव्हती. जामिनात जामीनदारासह आणि जामीनदाराविना, दोन्ही सुटका येतात, असा अर्थ न्यायालयाला लावावा लागला. तिच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २ मध्ये आता दोन्ही प्रकारच्या हमीच्या वेगळ्या व्याख्या आहेत. तरी जुनं पालुपद चालूच.

जामीनदार द्यायचाच असेल तर सातबारा किंवा घरपट्टीची पावती, नोकरदार असल्यास पगारपत्रक, ओळखपत्र आणि फोटो तयार ठेवा. अडतं ते नावातल्या फरकावर आणि सातबारावरच्या बोजावर. आधी किती जणांना जामीन राहिलाय हेही त्याला याच नव्या संहितेच्या कलम ४८६ खाली लिहून द्यावं लागतं. ते लपवू नये. आरोपी फरार झाला तर रक्कम जामीनदाराकडून वसूल होते, वसूल झालीच नाही तर सहा महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. नको वाटलं तर कलम ४८९ खाली तो अर्ज करून मोकळा होऊ शकतो. मग आरोपीला दुसरा शोधावा लागतो.

एक सांगायचं राहिलं. जामीनपात्र, म्हणजे जामीन हक्काने मिळतो अशा गुन्ह्यात गरीब आरोपीला जातमुचलक्यावर सोडणं कलम ४७८ ने बंधनकारक आहे, आणि अटकेपासून आठवड्यात जामीनदार देता आला नाही तर तो गरीबच समजायचा. अजामीनपात्र गुन्ह्यात मात्र सोडायचं की नाही आणि कोणत्या अटींवर, हे न्यायालय ठरवतं.

म्हणून अर्जात नुसतं ‘जामिनावर सोडावे’ लिहू नका. ‘जातमुचलक्यावर, जामीनदाराविना सोडावे, ते मान्य नसल्यास रोख रक्कम भरण्याची मुभा द्यावी’ असं लिहा. रोख भरण्याची सोय कलम ४९० मध्ये आहे.