घड्याळाच्या बेझलला गाडीचा मेटॅलिक रंग लावता येतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सेको एसकेएक्स००७ हे डायव्हिंगचं घड्याळ आहे, बेझलवरची (काचेभोवतीच्या फिरणाऱ्या कड्यावरची) काळी रिंग ओरखड्यांनी खराब झाली आहे आणि घरात गाडीच्या टचअपची निळ्या मेटॅलिक रंगाची छोटी बाटली शिल्लक आहे. झाकणाच्या ब्रशनेच रिंग रंगवली तर चांगली दिसेल का, आणि रंग टिकेल का?

गाडीचा रंग चालतो आणि काम नीट केलं तर टिकतोही. झाकणाचा ब्रश मात्र चालत नाही. मेटॅलिक रंगात अॅल्युमिनियमचे अतिशय पातळ, चपटे कण असतात. चमक त्यांची असते आणि ती एकसारखी दिसायची तर हे कण आडवे, पृष्ठभागाला समांतर पडायला हवेत. फवाऱ्याने पातळ थर दिला की थिनर उडून जाताना थर आक्रसतो आणि कण आपोआप आडवे होतात. ब्रशने लावलं की ते ब्रशबरोबर ओढले जातात, आणि जिथे रंग जाड साचतो तिथे तिरके-उभे राहतात. वाळल्यावर पट्टे आणि काळपट ढग दिसतात. गाडीच्या दारावरच्या दोन मिलिमीटरच्या टवक्यावर हे कळत नाही. दिवसभर डोळ्यांसमोर असणाऱ्या रिंगवर लगेच कळतं.

या कामाचा मुख्य नियमही यातूनच निघतो: मेटॅलिक थराला पॉलिश पेपर लावायचा नाही. घासलं की वरचे कण उघडे पडतात, कापले जातात आणि तेवढा भाग करडा, निस्तेज दिसतो. नंतर क्लिअर, म्हणजे वरचा पारदर्शक थर, मारला तरी तो डाग आतून दिसत राहतो. जी काही घासाघास करायची ती खालच्या प्रायमरवर किंवा वरच्या क्लिअरवर.

आता रंगवायचं नेमकं काय ते ठरवू. एसकेएक्सचं बेझल म्हणजे स्टीलचं फिरणारं कडं आणि त्यात चिकटवलेला अॅनोडाइज्ड (ऑक्साइडचा कडक थर चढवलेल्या) अॅल्युमिनियमचा इन्सर्ट, म्हणजेच ती काळी रिंग. रंग फक्त इन्सर्टला द्या. कड्याची खाचेदार कड आपण बोटांनी धरतो, दाराच्या चौकटीला आणि टेबलाला आधी तीच घासते, त्यामुळे तिथला रंग कितीही चांगला मारला तरी उडतोच. शिवाय धारदार कडेवर ओला रंग मागे सरकतो, म्हणजे जिथे मार जास्त तिथेच थर सगळ्यात पातळ.

आणि एक आग्रहाने सांगतो, मूळ इन्सर्ट रंगवू नका, जपून ठेवा. हे मॉडेल २०१९च्या सुमारास बंद झालं. ओरखड्यांचा असला तरी मूळ भाग घड्याळाची किंमत राखतो. या मॉडेलला बसणारे साधारण ३८ मि.मी. बाहेरचा आणि ३१.५ मि.मी. आतला व्यास असलेले सुटे इन्सर्ट ऑनलाइन मिळतात. त्यातला एक स्वस्तातला घ्या आणि त्यावर काम करा. सिरॅमिकचा घेऊ नका, त्यावर रंग धरत नाही.

जुना इन्सर्ट काढायला आधी बेझल काढा. केस नाइफचं (घड्याळ उघडायच्या सुरीचं) पातं बेझल आणि केस, म्हणजे घड्याळाची धातूची बॉडी, यांच्या फटीत घालून हळूच पीळ दिला की ते सुटतं. खालचा गॅस्केट (रबराची रिंग) आणि क्लिकची स्प्रिंग लगेच डबीत ठेवा. मग हेअर ड्रायरने इन्सर्ट गरम करा, गोंद मऊ पडेल, आणि आतल्या कडेखाली पातळ पातं घालून फिरत फिरत थोडं थोडं उचला. एकाच जागी जोर लावला तर ही पातळ रिंग वाकते, आणि एकदा वाकलेली पुन्हा सपाट होत नाही.

रंगाच्या आधी आकड्यांचा विचार करा, कारण बहुतेक जण इथेच अडकतात. अॅल्युमिनियम इन्सर्टवरचे आकडे छापलेले असतात. रंग दिला की ते गेले. त्यावर तीन मार्ग आहेत. आकड्यांविना, फक्त बारावरच्या चमकत्या ठिपक्याची साधी रिंग करा. किंवा बेसकोटवर, म्हणजे मेटॅलिक रंगाच्या थरावर, पाण्याचं डिकॅल (पाण्यात भिजवून चिकटवायचं छापील चित्र) लावून वर क्लिअर द्या. साध्या लेसर प्रिंटरमध्ये पांढरा टोनर नसतो, तेव्हा डिकॅलचे आकडे काळेच ठेवावे लागतील. तुमच्या निळ्यावर ते उठणार नाहीत, चंदेरीवर उठतील. तिसरा मार्ग मला सगळ्यात आवडतो: बेसकोट पूर्ण वाळला की धातूवर मार्किंग करणाऱ्याकडे जाऊन फायबर लेसरने आकड्यांपुरता रंग उडवून घ्या. खालचं अॅल्युमिनियम उघडं पडतं आणि निळ्यात चंदेरी आकडे मिळतात. हे क्लिअरच्या आधीच करायचं. क्लिअरनंतर केलं तर कडांना कपच्या उडतात.

तयारीला घाई नको. बाराच्या जागचा चमकता ठिपका मागून टूथपिकने ढकलून बाहेर काढा. काचेचा सपाट तुकडा ठेवून त्यावर ६०० नंबरचा वॉटर पेपर पसरा आणि रिंग पालथी धरून पाण्यात घासा. सगळीकडून चमक गेली आणि छापील आकड्यांचा उंचवटा बोटाला लागेनासा झाला की थांबा. उंचवटा राहिला तर तो पाच थरांतूनही वर दिसतो. अॅनोडायझिंग कॉस्टिक सोड्याने उतरवण्याचा सल्ला काही जण देतात. त्याची गरज नाही. कॉस्टिक ऑक्साइडबरोबर खालचं अॅल्युमिनियमही खातो, हायड्रोजन सुटतो, आणि रिंग खडबडीत होते. खरवडलेल्या अॅनोडायझिंगवर प्रायमर छान बसतो.

मग धुणं. भांड्यांचा साबण, मग लायटरचं पेट्रोल, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल; यापुढे रिंगला बोट लावायचं नाही. घड्याळाच्या गॅस्केटला सिलिकॉन ग्रीस असतं, आणि रंगाचा सिलिकॉनइतका मोठा शत्रू नाही. त्याचा अंश जरी राहिला तरी ओला रंग तिथून बाजूला सरकतो आणि गोल खड्डे पडतात. तसं झालं तर वर आणखी रंग मारून भागत नाही, पूर्ण उतरवूनच पुन्हा सुरू करावं लागतं.

औषधाच्या बाटलीच्या झाकणावर रिंग दुहेरी टेपच्या तीन बारीक तुकड्यांनी अशी चिकटवा की ती झाकणापासून किंचित उचललेली राहील. थेट टेकवली तर रंगाचा पडदा रिंग आणि झाकण जोडून टाकतो आणि सोडवताना कडेचे टवके निघतात.

एचिंग प्रायमरचा (धातूला घट्ट धरणाऱ्या प्रायमरचा) एक पातळ थर द्या. वाळल्यावर १००० नंबरने हलकं पाणी मारून घासा. आता बेसकोट. या रिंगचं क्षेत्रफळ जेमतेम ३५५ चौरस मि.मी. आहे, २० मायक्रॉनच्या वाळलेल्या थराला ७ घन मि.मी. रंग लागतो, म्हणजे बाटलीतले एक-दोन थेंब. फवाऱ्यात बराच वाया जातो हे धरूनही १ मि.लि. पुरे. बाटली आधी टाचणीने तळापासून ढवळा, कण तळाशी बसलेले असतात आणि नुसत्या हलवण्याने सुटत नाहीत. साधारण तेवढंच थिनर मिसळून दुधाइतका पातळ करा. एअरब्रशचा (छोट्या स्प्रे गनचा) नोझल ०.३ मि.मी. घ्या, ०.२ मध्ये कण अडकतात. दाब दीड बारच्या आसपास, अंतर १० ते १२ सें.मी. तीन-चार थर, प्रत्येक इतका पातळ की पहिल्यात खालचा प्रायमर दिसलाच पाहिजे. दोन थरांमध्ये १० ते १५ मिनिटं, वरची ओली चकाकी पूर्ण जाईपर्यंत. शेवटचा थर १८-२० सें.मी.वरून, धुक्यासारखा, रिंग फिरवत. त्याने कणांची मांडणी एकसारखी होते आणि ढग असतील तर मिटतात. थर ओला पडला की रंग गडद दिसतो, कोरडा पडला की उजळ. तेव्हा अर्धी रिंग जवळून आणि अर्धी लांबून मारलीत तर एकाच बाटलीतून दोन निळे निघतील.

वाळलेला बेसकोट मॅट आणि फिका दिसतो. तो तसाच असतो, खोली क्लिअरने येते.

रंगाची निवड अजून खुली असेल तर बारीक कणांचा घ्या. रिंगची रुंदी सव्वातीन मिलिमीटर. बॉनेटवर देखणे दिसणारे जाड कण इथे वाळूसारखे दिसतात. आणि उताराचा इन्सर्ट घेतलात तर एक बाजू उजळ आणि समोरची गडद दिसेल, मनगट वळवलं की ती जागा फिरत राहील. मला ते फार आवडतं. सपाट रिंग मात्र सगळी एकदमच उजळते किंवा काळवंडते.

पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-कोकणात, हे काम कोरडी दुपार बघून करा. थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि क्लिअर दुधाळ होतो.

टिकणं न टिकणं क्लिअरवर अवलंबून आहे. कॅनमधला साधा एकघटकी क्लिअर तासाभरात हाताला सुकलेला लागतो, पण पूर्ण कडक व्हायला काही आठवडे घेतो आणि त्यानंतरही द्रावकाला भितो. परफ्यूम, सॅनिटायझर, आणि डीट असलेलं डास पळवायचं क्रीम त्याला चिकट करतं. हार्डनरचा दोनघटकी क्लिअर रासायनिक जाळी धरतो आणि हे सगळं सोसतो. मात्र त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं; त्याचा फवारा श्वासात गेला तर कायमचा दमा लागू शकतो, आणि कापडी किंवा धुळीचा मास्क त्याला अडवत नाही. घरात, बाल्कनीत तो मारू नका. सोपा उपाय म्हणजे झाकणावरची रिंग तशीच जवळच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे न्या. तो एखाद्या पॅनलवर क्लिअर मारणार असेल तेव्हा दोन हात तुमच्या रिंगवर मारायला त्याला अर्धा मिनिट लागतो. त्याच्याकडे बूथ (रंगकामाची बंद खोली) असेल तर ६० अंशांची भट्टीही मिळते, आणि रिंगमध्ये रबर नसल्याने तिला काही होत नाही. मेटॅलिकवर पहिला हात हलका मारायला सांगा. पहिलाच ओला मारला तर बेसकोट विरघळून कण पुन्हा हलतात, आणि डिकॅल असेल तर ते सुरकुततं.

क्लिअर किमान दोन दिवस, शक्य तर आठवडाभर ठेवून मग २००० आणि ३००० नंबरच्या ओल्या पेपरने घासा आणि रबिंग कंपाउंडने चकाकी आणा. कडांपासून अर्धा मिलिमीटर दूर राहा; तिथे क्लिअर पातळ असतो आणि पेपर दोन फेऱ्यांत मेटॅलिकपर्यंत पोचतो.

बसवायच्या आधी बाहेरच्या आणि आतल्या उभ्या कडांवरचा रंग ब्लेडने खरवडून काढा. प्रायमर, बेसकोट आणि क्लिअर मिळून जाडी ०.०८ ते ०.१ मि.मी. होते. दोन्ही बाजूंना धरलं तर व्यास ०.२ मि.मी.पर्यंत वाढतो आणि रिंग कड्यात बसत नाही. दाबून बसवली तर कडेला तडा जातो.

तुम्हाला रिंगऐवजी स्टीलच्या बेझलवरचे कोरलेले आकडेच मेटॅलिक करायचे असतील, तर तिथे फवारा नको. इन्सुलिनच्या सुईने खाचेत थेंब सोडा. रंग वाळताना बसतो, म्हणून दोन-तीन वेळा भरा, पण खाच दोन-तृतीयांश भरली की थांबा. उरलेली क्लिअरने काठोकाठ भरा आणि क्लिअर घासून सपाट करा.

शेवटी जोडणी. स्प्रिंग आणि गॅस्केट जागेवर ठेवून रिकामं कडं आधी दाबून बसवा; इन्सर्ट लावून मग प्रेसने दाबलं तर सगळा जोर नव्या क्लिअरवर येतो. ठिपका मागून थेंबभर इपॉक्सीने चिकटवा. एसकेएक्सच्या बेझलला १२० क्लिक आहेत, म्हणजे रिंगच्या मध्यावर एक क्लिक सुमारे ०.९ मि.मी. अर्ध्या क्लिकने चुकलेला ठिपकाही डोळ्यांना खुपतो. म्हणून कडं क्लिकवर आणून थांबवा, इन्सर्टखाली दुहेरी टेप लावून तिचा कागद काढा, रिंग न दाबता नुसती टेकवा, डायलवरच्या बाराच्या खुणेशी ठिपका जुळवा, आणि जुळला की मऊ कापडावरून अंगठ्याने समोरासमोर दाबत जा.