स्कोअरशीटवर न दिसणारा बचावपटू : परभणीच्या मित्राला उत्तर

तू लिहिलंयस की विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघात कोच तुला समोरच्या सगळ्यात भारी शूटरवर लावतात, तुझे स्वतःचे गुण दोन-चारच्या वर जात नाहीत, आणि घरचे म्हणतात निवड होत नसेल तर सोडून दे. मी लातूरकडचा, आयुष्यभर हेच काम करत खेळलो. वयाने मोठा आहे म्हणून अरे-तुरे करतोय.

डिफेन्स तुला शिकवायची गरज नाही, तो येतो म्हणूनच कोच तुला लावतात. मी कोच नाही आणि निवडीचे नियम बदलत असतात, ते तुझ्या विद्यापीठात नीट विचारून घे. मी जिथे अडकलो तेवढंच सांगतो.

आपल्याकडच्या सामन्याची स्कोअरशीट एकदा हातात घेऊन बघ. चढता स्कोअर, टाइमआउट, आणि प्रत्येकाच्या नावापुढे फाउलचे पाच चौकोन. रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा चेंडू पकडणं) नाही, स्टील (चेंडू हिसकावणं) नाही, अडवलेला शॉट नाही. तू छातीवर चार्ज घेतलास, म्हणजे चेंडू घेऊन घुसणाऱ्याची धडक जागेवर उभं राहून झेललीस, तर त्याचा 'पी' (पर्सनल फाउल) समोरच्याच्या ओळीत पडतो. तुझ्या ओळीत उमटतात ते तुझे फाउल. कागद वाचणाऱ्याला तू नुसता धसमुसळा दिसतोस.

एका निवड शिबिराच्या अर्जात रकाने तीनच होते : सामने, गुण, सरासरी. कोणत्या सामन्यात कोणाला किती गुणांवर रोखलं ते लिहून कोचनी वेगळं पत्र दिलं होतं. कार्यालयातल्या माणसाने ते टाचणी काढून परत केलं, "याला रकाना नाही." मी म्हटलं, जुन्या शीट दाखवा, त्यातूनच काढून देतो. मग साहेब दौऱ्यावर, मग कपाटाची किल्ली नाही. मुदत गेल्यावर कळलं की शीट ठेवल्याच नव्हत्या. राग अजून जात नाही, कारण माझ्याबरोबरच्या एका चांगल्या बचावपटूने तेव्हाच खेळ सोडला. एसटीने सरावाला येणारं पोर एकदा तुटलं की परत येत नाही.

म्हणून सामना संपला की टेबलापाशी जाऊन शीटचा फोटो काढ, तिथल्या तिथे. वहीत लिही : कोणावर होतास, तू असताना त्याने किती मारले, तू बाकावर असताना किती. तू उतरलास आणि बाहेर आलास तेव्हाचा स्कोअरही लिही. तू कोर्टवर असताना आपल्या संघाचे गुण वजा समोरच्यांचे, प्लस-मायनस म्हणतात ते हेच. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधला ह्यूस्टनचा शेन बॅटिए याच हिशेबामुळे लोकांच्या नजरेत आला. कारकिर्दीची सरासरी ८.६ गुण, पण तो कोर्टवर असला की संघ बरा खेळायचा. कोबी ब्रायंटसारख्या बड्या स्कोअररचा शॉट अडवायला तो उडी मारत बसायचा नाही, हात थेट त्याच्या डोळ्यांपुढे धरायचा आणि नेम कमी लागतो त्या जागेकडे त्याला रेटायचा. ब्रूस बोवेनला १९९३ मध्ये ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीए संघ नवे खेळाडू निवडतात तिथे, कोणी घेतलं नाही, फ्रान्समध्येही खेळावं लागलं. पुढे सॅन अँटोनियोकडून २००३, २००५ आणि २००७ अशी तीन अजिंक्यपदं. बेन वॉलेसलाही ड्राफ्टमध्ये कोणी विचारलं नव्हतं. सरासरी ५.७ गुण, तरी चार वेळा सर्वोत्तम बचावपटू आणि २०२१ मध्ये हॉल ऑफ फेम. घरच्यांना ही नावं दाखव.

माझं मत, पटो न पटो : निवडीसाठी शॉट मारत सुटू नकोस. कोपऱ्यातला थ्री, म्हणजे तीन गुणांचा शॉट, मात्र पक्का कर. आपल्या कोर्टवर तीन गुणांच्या रेषेची कमान बास्केटपासून ६.७५ मीटरवर असते, कोपऱ्यात ६.६०. बोवेन आणि बॅटिए दोघांचाही हक्काचा शॉट तिथलाच. २०१३ च्या अंतिम मालिकेत, मायामीकडून सातव्या सामन्यात, बॅटिएने सहा थ्री घातले.

आणि सिमेंटच्या कोर्टवर चार्ज घेताना तळहात टेकून पडू नकोस, हनुवटी छातीला लावून ढुंगणावर बस. माझं मनगट थंडीत अजून ठणकतं. प्रमाणपत्रं मूळ प्रतीत जपून ठेव, सरकारी नोकरीतल्या ५ टक्के क्रीडा आरक्षणाला लागतात.

पुढच्या सामन्याची नोंद इथे टाक, प्लस-मायनस कसं काढायचं ते मी मांडून दाखवतो.