हाताने फेकता येणारे छोटे लष्करी रोबोट नक्की काय करतात?

थोडक्यात सांगायचं तर जवानाच्या आधी आत डोकावतात. दाराआड कोण आहे, भुयारात स्फोटकांच्या तारा आहेत का, हे बघायला माणूस पाठवला तर त्याचा जीव टांगणीला. म्हणून आधी रोबोट खिडकीतून भिरकावायचा.

‘थ्रोबॉट’चंच बघा. डंबेलसारखा आकार, मध्ये नळी, दोन टोकांना चाकं आणि मागे शेपटी. वजन जेमतेम अर्धा किलो. ती शेपटी शोभेची नाही बरं का! ती जमिनीला टेकते म्हणून चाकं पुढे जातात, नाहीतर मधली नळीच जागच्या जागी गरगरत राहील. अंधारात बघायला इन्फ्रारेड दिवा असतो, चित्र बाहेरच्या जवानाच्या हातातल्या पडद्यावर येतं.

‘फर्स्टलुक’ जरा दणकट, सव्वादोन किलोच्या आसपास, रणगाड्यासारखा पट्ट्यांवर चालणारा. साधारण ५ मीटरवरून काँक्रीटवर आपटला तरी चालू राहतो आणि उलटा पडला तर फिरत्या फ्लिपरने, म्हणजे बाजूला लावलेल्या हातासारख्या भागाने, स्वतःच सरळ होतो. त्यांचा थोरला भाऊ ‘पॅकबॉट’ अमेरिकी सैन्याने २००२ मध्ये अफगाणिस्तानात गुहा तपासायला नेला होता.

मर्यादाही आहेतच. जाड भिंत किंवा भुयाराचं वळण आलं की रेडिओ सिग्नल तुटतो. शिवाय कॅमेरा जमिनीपासून चार बोटं वर, त्यामुळे टेबलावर काय ठेवलंय ते दिसत नाही आणि चुरगळलेली सतरंजीसुद्धा त्याला डोंगर वाटते.